फुले २६५ चे परीक्षण: चोपण रानात खरा, नोव्हेंबरच्या तोडीत उणा

कोएम ०२६५, म्हणजेच शेतकऱ्यांच्या तोंडी बसलेला फुले २६५, हा क्षारपड (क्षार साठलेल्या) आणि चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेल्या) रानासाठी सर्वांत आधी विचारात घ्यावा असा ऊस आहे. मात्र ज्या खोडव्याची, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकाची, तोड नोव्हेंबरातच येणार आहे, त्यासाठी तो लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ही दोन्ही विधाने एकाच वाणाविषयी खरी असू शकतात, हे आपल्याकडे सहसा कोणी मान्य करत नाही. कारखान्याच्या गट ऑफिसच्या कट्ट्यावर वाद रंगतो तो ‘२६५ चांगला की ८६०३२ चांगला’ एवढाच. रान कोणते, लागण कोणत्या हंगामातली आणि कारखाना तोड कधी देणार, हे विचारल्याशिवाय त्या वादाला उत्तर नाही. माझी जमीन कृष्णाकाठी असून तिचा खालचा भाग खार फुटलेला काळा आहे, तर वरचा भाग मुरमाड आहे. दोन्हीकडे हा ऊस घेऊन झाला आहे. तुलनेसाठी मी सतत को ८६०३२ समोर ठेवला आहे, कारण आमच्याकडे कोणत्याही नव्या उसाची पारख त्याच्या शेजारच्या सरीत लावूनच होते.

आधी वाणाचे मूळ पाहू. फलटण तालुक्यातील पाडेगाव येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र आहे आणि तेथे १९३२ पासून उसावर काम चालू आहे. फुले २६५ तेथेच निवडला गेला आणि २००७ मध्ये महाराष्ट्रासाठी त्याची शिफारस झाली. त्याची आई को ८७०४४. बाप मात्र नोंदलेला नाही, कारण हे बी ठरवून केलेल्या जोडीचे नसून मुक्त परागीभवनातून आलेले आहे. याउलट १९९६ पासून राज्यात ‘नीरा’ या नावाने आलेल्या को ८६०३२ चे आईबाप दोन्ही ठाऊक आहेत: को ६२१९८ आणि कोसी ६७१. त्यांपैकी कोसी ६७१ हा लवकर पिकणारा आणि साखरेला अव्वल. ८६०३२ च्या रसाचा दर्जा पाहिला की तो वारसा लक्षात येतो. वंशावळीवरून वाणाची किंमत ठरवू नये हे खरे; पण साखर कारखान्याच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला २६५ विषयी पहिल्यापासून संशय का वाटला, याचा थोडा उलगडा येथे होतो.

एखादा ऊस एका रानाला मानवतो आणि दुसऱ्याला नाही, असे का होते, हे समजण्यासाठी ऊस पैदाशीची रीत माहीत असावी लागते. आपल्या पठारावर उसाला तुरा आला तरी त्यात जिवंत बी क्वचितच धरते. म्हणून देशातले बहुतेक संकर कोइम्बतूरच्या ऊस पैदास संस्थेत होतात. १९१२ मध्ये ती संस्था तेथे निघाली त्यामागे तिथल्या हवेत ऊस चांगला फुलतो हेही एक कारण होते. महाराष्ट्रात वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने याच कामासाठी सह्याद्रीच्या माथ्यावरचे आंबोली निवडले आहे. संकरातून मिळणारे बी कापसाच्या तंतूंसारखे हलके असते आणि त्यातले प्रत्येक रोप दुसऱ्यापेक्षा वेगळे निपजते. संकर कोठेही झालेला असो, ही रोपे वाढतात ती स्थानिक केंद्राच्या मातीत, तिथल्या पाण्यावर आणि तिथल्या रोगांच्या सान्निध्यात. हजारो रोपांतून काही शेकडा, त्यातून काही डझन, मग कांडी लावून केलेल्या चाचण्या, मग वेगवेगळ्या केंद्रांवरच्या तुलना, असा हा प्रवास दहा-बारा वर्षांचा तरी असतो. एकदा मनाजोगे झुडूप हाती लागले की त्याचे गुण डोळ्याच्या कांडीतून जसेच्या तसे पुढे जातात. ही उसाची मोठी सोय आहे, आणि रोगही त्याच कांडीतून जसाच्या तसा पुढे जातो हा त्याच सोयीचा तोटा.

आज आपण लावतो त्या बहुतेक सर्व उसांत गोड, जाड कांडीच्या उसाबरोबर नदीकाठी वाढणाऱ्या पांढऱ्या तुऱ्याच्या रानटी गवताचे, म्हणजे सॅकॅरम स्पॉन्टेनियमचे रक्त आहे. कोइम्बतूरने १९१८ मध्ये को २०५ देऊन हा मार्ग व्यावसायिक पिकात आणला. गोडी एका बाजूची आणि काटकपणा दुसऱ्या बाजूचा. पुढच्या प्रत्येक पिढीत हा तराजू थोडा इकडे किंवा थोडा तिकडे झुकतो. माझ्या अनुभवात २६५ काटकपणाकडे झुकलेला आहे आणि ८६०३२ गोडीकडे.

आता खालच्या रानाविषयी. उसाच्या मुळाशी असलेल्या मातीच्या संपृक्त अर्काची क्षारता साधारण १.७ डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की उत्पादन घटू लागते, आणि ४ च्या वर गेलेली जमीन क्षारयुक्त धरतात. आमच्या खालच्या तुकड्यात उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर पांढरी खार दिसते. तेथे ८६०३२ लावल्यावर पहिला फटका बसतो तो उगवणीला. नांग्या, म्हणजे न उगवलेल्या रिकाम्या जागा, इतक्या पडतात की त्या भरण्यासाठी वेगळी रोपे तयार ठेवावी लागतात, आणि मागून भरलेले रोप मूळ लागणीची बरोबरी कधीच करत नाही. २६५ च्या ओळीत नांग्या पडतात, पण बऱ्याच कमी. जेठा (पहिला, मुख्य) कोंब जोमाने येतो, पानांच्या कडा करपण्याचे प्रमाण कमी राहते, आणि मुख्य म्हणजे भरणीच्या (उसाच्या बुडाशी माती चढवण्याच्या) वेळी फुटव्यांची संख्या पुरेशी असते. क्षारपड रानात टन कमी पडतात ते कांडी बारीक राहिल्यामुळे जितके, त्याहून अधिक ऊसच मोजके राहिल्यामुळे. आणि येथेच हा वाण बाजी मारतो. तोडणीनंतर खोडवाही तितकाच एकसारखा फुटतो. विद्यापीठाची शिफारसही क्षारयुक्त आणि चोपण जमिनीत हा वाण इतरांपेक्षा सरस ठरतो अशीच आहे, आणि आमच्या रानाने ती खरी ठरवली.

तरीही येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. २६५ क्षार सहन करतो. तो जमीन सुधारत नाही. दरवर्षी ‘खारीत येणारा ऊस’ म्हणून त्याच रानात लागण करत राहिले आणि पाटाने भरमसाट पाणी देत राहिले, तर पाण्याची पातळी वर येते, त्याबरोबर क्षार वर येतात, आणि काही वर्षांत त्या रानात २६५ सुद्धा उभा राहत नाही. क्षारयुक्त जमिनीला निचरा आणि क्षार धुवून काढणे हाच इलाज आहे. चोपण जमिनीला त्याआधी जिप्समची जोड लागते. माती परीक्षण न करता सरसकट जिप्सम टाकणारे शेतकरी मी पाहिले आहेत आणि तो खर्च मातीतच जातो. शिरोळ तालुक्यात सहकारी पद्धतीने सच्छिद्र पाइप गाडून भूमिगत निचऱ्याचे जे काम झाले आहे, ते पाहिल्यावर वाणाकडून काय अपेक्षावे आणि पाइपकडून काय, यातला फरक नीट कळतो.

वरच्या मुरमाड रानात मात्र चित्र उलटे आहे. तेथे २६५ वाईट येत नाही. पाण्याच्या ताणातही तो तग धरतो. पण ८६०३२ तेथे सरळ उभा राहतो, कांडी भरीव भरते आणि रसाची गोडी उजवी असते, तेव्हा २६५ लावण्याचे कारणच उरत नाही.

वजनाबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही. आडसाली (जुलै-ऑगस्टमधल्या) लागणीत २६५ इतका वाढतो की तीच अडचण होते: भारी रानात, भरणी उथळ झाली असेल किंवा नत्राचा हात सैल सुटला असेल, तर पावसाळ्याच्या शेवटच्या वाऱ्यात तो लोळतो. लोळलेल्या उसाच्या डोळ्यांतून पांगशा (बाजूचे कोंब) फुटतात, जमिनीला टेकलेल्या कांड्यांना उंदीर लागतात, आणि तोडकरी तो फड पाहताच खुशालीचा (मजुरीवर मागितल्या जाणाऱ्या जादा पैशांचा) आकडा वाढवून सांगतात. हा शेवटचा खर्च कोणत्याही शिफारशीच्या कागदावर नसतो, पण शेतकऱ्याच्या हिशेबात तो असतोच. उशिरापर्यंत राहिलेल्या फडात काही कांड्यांना मध्ये दशी (कापसासारखा कोरडा गाभा) पडलेलीही मला आढळली आहे. म्हणून आडसालीत हा वाण घ्यायचा झाल्यास सरी रुंद ठेवणे, मोठी भरणी वेळेवर आणि खोल करणे, आणि नत्राचा शेवटचा हप्ता भरणीच्या पुढे न नेणे, या तीन गोष्टी मी अनिवार्य मानतो.

यानंतर कारखाना, आणि या वाणाच्या परीक्षणाचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग हाच आहे. २००७ नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अनेक कारखाने २६५ च्या नोंदी घ्यायला नाखूश होते, कारण साखर उतारा, म्हणजे गाळलेल्या उसातून मिळणाऱ्या साखरेची टक्केवारी, कमी पडतो अशी त्यांची तक्रार होती. शेतकरी मात्र टनावर खूश होते. दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. उसाचा दर कसा ठरतो हे पाहिले की या भांडणाचे मूळ सापडते. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी ठरवलेली एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे, आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढ मिळते. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. पण हा उतारा संपूर्ण कारखान्याचा सरासरी असतो, माझ्या फडाचा नव्हे. मी साखरेने भरलेला ऊस घातला काय किंवा पाणचट घातला काय, काट्यावर मला मिळणारा टनाचा दर शेजाऱ्याइतकाच. अशा व्यवस्थेत शेतकरी टन देणारा वाण निवडणार हे उघड आहे, आणि कारखाना साखर देणारा वाण मागणार हेही तितकेच उघड आहे. पैदासकाराला या दोन ग्राहकांसाठी एकच माल बनवायचा असतो. २६५ ने त्यातल्या एका ग्राहकाला आधी खूश केले.

परंतु उताऱ्याच्या तक्रारीत वाणाचा दोष किती आणि तोडणीच्या वेळापत्रकाचा किती, याचा निवाडा फारसा कोणी केला नाही. हा मध्यम-उशिरा पक्व होणारा ऊस आहे. जुलै-ऑगस्टमधली आडसाली लागण पुढच्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात तुटते तेव्हा ती सोळा-सतरा महिन्यांची झालेली असते आणि तेव्हा २६५ पुरेसा पिकलेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली पूर्वहंगामी लागण जानेवारीच्या आसपास तुटली तरी चौदा महिने भरतात. खरी पंचाईत होते ती सुरू (जानेवारी-फेब्रुवारीतल्या) लागणीची आणि खोडव्याची. मागच्या हंगामात डिसेंबर-जानेवारीत तुटलेल्या फडाचा खोडवा पुढच्या नोव्हेंबरात दहा-अकरा महिन्यांचा असतो. तोवर या वाणाच्या वरच्या कांड्यांत साखर पुरती उतरलेलीच नसते, आणि परतीचा पाऊस लांबला तर वाढ थांबायलाही तयार नसते. असा ऊस गाळपाला नेला की प्रयोगशाळेत उतारा कमी दिसतो आणि नाव वाणाचे खराब होते. आमच्या भागातल्या एका कारखान्याने एका हंगामात नोंदीच्या तारखांचा क्रम बाजूला ठेवून वाहतुकीच्या सोयीने २६५ चे खोडवे सुरुवातीलाच उचलले, आणि पुढे उतारा घसरल्याचे खापर त्याच वाणावर फोडले. पक्वतेनुसार तोडणी कार्यक्रम लावणाऱ्या कारखान्यांत ही ओरड तितकी ऐकू येत नाही.

पक्वता पाहण्याची साधी पद्धत शेतकऱ्याच्याही आवाक्यात आहे. हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर त्याच उसाच्या बुडख्याच्या आणि शेंड्याकडच्या कांडीचा रस घेऊन ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या घटकांचे (मुख्यतः साखरेचे) प्रमाण, मोजावा. दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आले की ऊस पिकला. शेंड्याचा आकडा बराच खाली असेल तर अजून थांबायला हवे. हे यंत्र फार महाग नाही आणि चार शेतकऱ्यांनी मिळून घेतले तरी चालते. आमच्या रानात नोव्हेंबरच्या मध्यावर ८६०३२ च्या खोडव्यात हे दोन आकडे बरेच जवळ आलेले असतात, तर २६५ च्या खोडव्यात त्यांच्यातले अंतर डोळ्यांत भरण्याइतके असते. जानेवारीच्या अखेरीस मात्र तो फरक जवळजवळ मिटतो. थंडीतल्या कोरड्या रात्री त्याला मिळाल्या पाहिजेत, इतकेच.

खारीच्या रानातल्या उसाचा रस घेऊन गुऱ्हाळ चालवण्याचा विचार मात्र कोणी करू नये. अशा रसात क्षार जास्त उतरतात, गूळ खारट लागतो, रंग धरत नाही आणि टिकतही नाही. कोल्हापुरी गुळासाठी तिथल्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राचा को ९२००५ आहे, आणि तो त्याच्या जागी उत्तम आहे.

वाण चांगला असूनही बेणे वाईट असेल तर वरचे सगळे परीक्षण व्यर्थ जाते, म्हणून बेण्याच्या सेवेविषयी सविस्तर लिहितो. ऊस कांडीने वाढत असल्याने काणी, गवताळ वाढ आणि मोझॅक हे रोग बेण्याबरोबर शेतोशेती फिरतात. यावर ठरलेला उपाय म्हणजे त्रिस्तरीय बेणे मळा. संशोधन केंद्रातले मूलभूत बेणे ५४ अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त उष्ण हवेत अडीच तास ठेवून लावायचे, त्यापासून पायाभूत बेणे, त्यापासून प्रमाणित बेणे, आणि ते मग सर्वसाधारण लागणीला. तीन-चार वर्षांनी बेणे बदलायचे. ही साखळी कागदावर निर्दोष आहे. पाडेगावहून आणलेल्या बेण्याबाबत मला कसलीही तक्रार नाही: नऊ-दहा महिन्यांचे, डोळे फुगीर, भेसळ नाही, आणि सोबत लागणीची माहितीही मिळते. अडचण एवढीच की मूलभूत बेणे मर्यादित असते, त्यासाठी आधी मागणी नोंदवावी लागते, आणि ज्याला दोन-तीन एकरच लागण करायची आहे तो एवढ्या लांबून गाडी भरून आणण्याच्या भानगडीत पडत नाही. तो शेजारच्या फडातून बेणे तोडतो किंवा जवळच्या खासगी रोपवाटिकेत जातो.

खासगी रोपवाटिकांचा दर्जा इतका असमान आहे की नाव न घेता एवढेच सांगतो: २६५ म्हणून घेतलेल्या रोपांत मला दुसऱ्याच वाणाची भेसळ मिळाली, आणि ती लक्षात आली ती कांडी सुटल्यावर, म्हणजे काही करण्यासारखे उरले नव्हते तेव्हा. रोप लहान असताना वाण ओळखणे कठीण असते. म्हणून रोपे घेताना वाणापेक्षा आधी बेण्याचा मळा दाखवा असे म्हणावे. जो दाखवायला तयार नाही त्याच्याकडून घेऊ नये. दुसरी बाब पिवळ्या पानाच्या विषाणूजन्य रोगाची. जुन्या, लोकप्रिय वाणांचा जोम वर्षागणिक उतरत जाण्यामागे हा रोग एक मोठे कारण मानला जातो, आणि ८६०३२ ला त्याचा बराच त्रास आहे. उष्ण हवेच्या प्रक्रियेने हा विषाणू जात नाही. तेथे शेंड्याच्या सूक्ष्म भागापासून तयार केलेली उतिसंवर्धित रोपे लागतात. त्यामुळे ‘पूर्वीचा ८६०३२ आता राहिला नाही’ अशी जी तक्रार ऐकू येते, ती वाणाविषयी नसून बहुतेक वेळा बेण्याविषयी असते, आणि २६५ लाही वर्षानुवर्षे त्याच फडातले बेणे वापरले तर हीच गत होईल.

येथे उत्तर प्रदेशाचा विषय काढावा लागतो, कारण अनेक जण हरियाणातील कर्नालच्या केंद्रातून आलेल्या को ०२३८ या वाणाविषयी विचारतात. २००९ मध्ये आलेल्या या वाणाने तिथला साखर उतारा आणि शेतकऱ्याचे टन दोन्ही वाढवले, आणि पाहता पाहता राज्याचे बहुतांश उसाचे क्षेत्र त्याने व्यापले. मग लाल कूज (कांडी आतून लाल पडून कुजण्याचा रोग) आली आणि एकाच वाणावर विसंबलेल्या शिवारांत ती वेगाने पसरली. तो वाण उत्तरेच्या कडाक्याच्या थंडीसाठी आणि कमी दिवसांच्या हंगामासाठी निवडलेला आहे, आपल्या हवेसाठी नव्हे. तो आणून लावण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. आपल्याकडेही दोन वाणांनीच बहुतेक क्षेत्र व्यापले आहे, याची चिंता मात्र करायलाच हवी. निदान आपापल्या रानात तरी तिसरा वाण असावा.

तो तिसरा वाण कोणता, याचे माझे उत्तर अजून पक्के नाही. खारीच्या रानात लवकर पिकणारा ऊस ही आमची खरी गरज आहे, कारण तोडणीचा कार्यक्रम आमच्या हातात नाही. पाडेगावनेच २६५ ला आई म्हणून वापरून फुले १०००१ हा लवकर पक्व होणारा वाण २०१७ मध्ये दिला आहे. शेजारच्या गावात पाहिलेल्या फडावरून त्याची गोडी नक्कीच आधी येते असे दिसते. खारीत त्याचे फुटवे किती टिकतात आणि दुसऱ्या खोडव्याला तो कसा फुटतो, हे मला स्वतःच्या रानात पाहायचे आहे. येत्या सुरू हंगामात खालच्या तुकड्याच्या अर्ध्या सऱ्यांत तो आणि अर्ध्यांत २६५ लावणार आहे, बेणे दोन्हीचे पाडेगावचेच, आणि ब्रिक्सचे आकडे ऑक्टोबरपासून दर पंधरवड्याला घेणार आहे. तोवर ज्यांचे रान खारीचे आहे आणि तोड डिसेंबरनंतर मिळण्याची खात्री आहे, त्यांनी आडसाली किंवा पूर्वहंगामी २६५ निर्धास्तपणे लावावा. ज्यांचे रान निचऱ्याचे आहे त्यांनी उतिसंवर्धित रोपांपासून वाढवलेले ८६०३२ चे नवे बेणे शोधावे.